शून्य लोकसंख्येच्या गावातली कपिला

मंगळवारी सकाळी आठ वाजता, न्यूझीलंडमधल्या अल्बनीच्या ऑफिसात कॉफीचा पहिला घोट घेत मी लॉग उघडला आणि कपिला व्यायल्याचं वाचलं.

कालवड झाली होती. कालवडीच्या दोन्ही कानांत बिल्ले बसले होते. नोंद अगदी रीतसर होती. अडचण एवढीच, की कपिला ही माझ्या वडिलांच्या घरची गाय. गाव माण तालुक्यातलं, आणि बाबा नववीत असताना ती मेलेली. बाबा आता सत्तरीला आले होते. कपिलेला कितवं वर्ष लागलं असतं, ते तुम्हीच बघा.

लॉग म्हणजे सिस्टिमची रोजनिशी. रात्रभरात कुणी काय भरलं, काय बदललं, सगळं त्यात दिसतं. आमचा क्लायंट युरोपात होता, त्यामुळे तिकडचा दिवस संपता संपता आमचा उजाडायचा. मी ऑफिसात यायचो तेव्हा तिकडच्या गायींची दिवसभरातली जन्म-मरणं माझी वाट बघत असायची.

आता हे काम काय होतं ते सांगतो, नाहीतर मला वेड लागलं होतं असं वाटेल. (घरी तसं मत आहेच, पण त्याची कारणं वेगळी.)

युरोपातल्या देशांची मिळून एक मोठी युनियन आहे. तिच्यात शिरायची इच्छा असलेल्या देशाला उमेदवार देश म्हणतात. सोसायटीत फ्लॅट घेण्यासारखंच आहे हे. फक्त सोसायटीच्या नियमांची पानं मोजता येत नाहीत, आणि त्यातला एकही नियम तुमच्यासाठी बदलत नाहीत. नियमांचे तीसेक चॅप्टर पाडलेले असतात. कोर्टं, बँका, मासेमारी, शेती, प्रत्येकाचा वेगळा. आधी तुमचा कायदा आणि त्यांचा कायदा शेजारी ठेवून फरक काढायचे. मग तुमचा बदलायचा. मग तो नुसता कागदावर नाही, जमिनीवर चालतो हे दाखवायचं. पटलं तर चॅप्टर 'तात्पुरता बंद'. याला ते वाटाघाटी म्हणतात, पण काय करायचं यावर बोलणी नसतात. कधी करणार, एवढंच विचारतात. आणि दर वर्षी एक रिपोर्ट येतो, अमुक केलंत, तमुक राहिलं.

आमचं काम गायींचं. युनियनचा नियम असा, की देशातल्या प्रत्येक गायीच्या दोन्ही कानांत पिवळा बिल्ला हवा, तिचा स्वतःचा पासपोर्ट हवा, आणि जन्म, विक्री, मरण यांची नोंद एका मध्यवर्ती रजिस्टरमध्ये हवी. उद्या एखाद्या मांसात रोग सापडला, तर ते कुठल्या गोठ्यातलं हे सांगता आलं पाहिजे. न्यूझीलंडमध्ये गायी मोजणं हा राष्ट्रीय छंद, त्यामुळे असलं सॉफ्टवेअर इथे चांगलं बनतं. आमच्या वीस माणसांच्या कंपनीला त्या देशाचं काम मिळालं होतं. देशाचं नाव सांगत नाही. आता तो युनियनमध्ये स्थिरस्थावर आहे, उगाच कशाला.

तर कपिला तिथे कशी पोचली? माझ्यामुळे. दुसऱ्या कोणामुळे पोचणार?

वर्षभरापूर्वी आमचा पहिला डेमो झाला होता. त्यात मी शेतकऱ्याचं नाव 'asdf' आणि गायीचं नाव 'xyz' भरलं होतं. तिकडचे सात अधिकारी बघत असताना पडद्यावर 'asdf यांची xyz दगावली' असं आलं. डेमो संपल्यावर आमचा बॉस ग्रॅहॅम म्हणाला, "नँडी, मेट, पुढच्या वेळी खरा वाटेल असा डेटा टाक." माझं नाव नंदकुमार. घरी नंदू, ऑफिसात नँडी. 'मेट' म्हणजे मित्रा, ते इथे सगळ्यांनाच म्हणतात.

मी ते मनावर घेतलं. मी एखादी गोष्ट मनावर घेतली की नेमकं तेव्हाच काहीतरी होतं.

बाबा तेव्हा नुकतेच आमच्याकडे कायमचे राहायला आले होते. एसटी डेपोत कारकुनी करून निवृत्त झालेले. अल्बनीत त्यांना करमायचं नाही. मॉलपर्यंत चालत जायचे, बाकावर बसून माणसं बघायचे, परत यायचे. मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुमच्या लहानपणीच्या गायी सांगा ना." ते एकदम ताठ बसले. वहीचं पान मागून घेतलं. कपिला, करडी, कपाळावर पांढरा ठिपका. हरणी, तांबूस. मग पोवळी, मोरी, बांडी, चांदणी, आणि एक बैल, गुलब्या. प्रत्येकाचा रंग आणि खुणा त्यांनी घडाघडा सांगितल्या. मी ते सात जीव फॉर्ममध्ये भरले.

गाव हवं होतं. तिथल्या सरकारने दिलेल्या गावांच्या यादीत एका डोंगरी गावापुढे लोकसंख्या शून्य होती. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. तिथे कोणी राहतच नाही म्हणजे कुणाच्या खऱ्या नोंदीशी गोंधळ व्हायचा प्रश्नच नाही! मालकाच्या जागी लिहिलं, 'गृहप्रमुख, घर क्रमांक १'.

डेमो छान झाला. पुढे सिस्टिम खरोखर चालू करायच्या आदल्या दिवशी मी सगळा खोटा डेटा उडवायचा प्रोग्रॅम चालवला. नावात 'TEST' असेल ते सगळं उड, असा. ते सगळं उडालं. कपिलेच्या नावात 'TEST' नव्हतं. ती खरी वाटावी म्हणून तर एवढा खटाटोप केला होता.

मंगळवारी मी हे सगळं आठवत होतो तेव्हा बाहेर दाट धुकं होतं, मोटरवेवरच्या गाड्यांचे नुसते दिवे सरकत होते. मी त्या गावाचा इतिहास उघडला. गेल्या आठ महिन्यांत तीन वासरं झाली होती. पोवळी मेली होती, तिचे बिल्ले नियमाप्रमाणे परत केलेले. प्रत्येक नोंदीला जिल्हा कचेरीने मूळ फॉर्मचं स्कॅन जोडलं होतं. फॉर्म हाताने भरलेला, खाली थरथरत्या हाताची सही, वाचता न येणारी. टपालाने आलेला.

लोकसंख्या शून्य.

घरी जेवताना मी बाबांना सांगितलं. वाटलं, हसतील.

"या महिन्यात व्यायली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरोबर आहे," म्हणाले, आणि भातावर आमटी घेतली. "ती दिवाळीच्या आसपासच व्यायची."

माझी बायको मेघना मला म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून मला घाबरवताय का?"

आता माणसाने काय करावं? बॉसला सांगावं. मी काय केलं? गुपचूप निस्तरायला गेलो. रजिस्टरमध्ये नोंद पुसता येत नाही, मुद्दामच तशी सोय नव्हती. गाय रजिस्टरमधून जाते ती मरूनच. म्हणून मी बुधवारी कपिलेच्या नावापुढे 'मृत' भरलं. बाकीच्यांना रोज एक असं मारायचं ठरवलं, म्हणजे साथ आल्यासारखं दिसणार नाही. एवढी अक्कल मला अधूनमधून असते.

पण गाय मेल्याची नोंद झाली की मालकाला खात्रीचं पत्र आपोआप जातं. ती सोय मीच बनवली होती, आणि मीच विसरलो होतो. नशीब, की मधे दुसऱ्या कामात अडकलो आणि बाकीच्यांना हात लावला नाही. पंधराव्या दिवशी सकाळी लॉगमध्ये हरकतीचा फॉर्म आला. सही तीच, थरथरती. खाली रिकाम्या जागेत एक ओळ. मी ती इंटरनेटवरच्या भाषांतरात टाकली.

'जनावर जिवंत आहे. लिखाण दुरुस्त करा.'

मी उठून ग्रॅहॅमच्या केबिनमध्ये गेलो.

"पाच मिनिटं आहेत?"

"तुझी पाच मिनिटं म्हणजे अर्धा तास. बस."

"आपला डेमोचा डेटा लाइव्ह रजिस्टरमध्ये राहिलाय."

"किती?"

"सात."

"सात हजार?"

"नाही. सात गायी. म्हणजे सहा गायी, एक बैल."

तो खदखदून हसला. "सात गायींसाठी असा चेहरा? येह, नाह, होतं असं. काढून टाक."

"त्यातल्या तिघी व्याल्यात. आणि एकीला मी मारलं, तर ती जिवंत आहे असं पत्र आलंय."

ग्रॅहॅम वायकाटोतल्या शेतकऱ्याचा मुलगा. पहाटे उठून धारा काढत मोठा झालेला. त्याचं हसू हळूहळू थांबलं.

"डेमोची गाय व्यात नाही, मेट."

"मी तेच म्हणतोय."

त्याने दरवाजा लावून घेतला. ऑडिटर तीन आठवड्यांनी त्या देशात जाणार होते. ऑडिटर म्हणजे युनियनची माणसं. ती रजिस्टरमधून एखादा गोठा निवडतात, तिथे जातात आणि कान मोजतात. आणि त्या देशात पूर्वी कागदावरच्या गायी दाखवून अनुदान लाटलं गेलं होतं. रजिस्टरच्या आधीच्या प्रमुखाची नोकरी त्यातच गेली होती. नवीन प्रमुख होत्या इरेनाबाई. 'प्रत्येक नोंदीमागे जिवंत जनावर आहे' या जाहीरनाम्यावर त्यांनी महिन्यापूर्वीच स्वतःची सही केली होती. माझ्या सात गायी सापडल्या असत्या तर चॅप्टर उघडा राहिला असता, देशाचं आणखी एक वर्ष गेलं असतं, आणि इरेनाबाई घरी गेल्या असत्या. कदाचित घरीही नाही, कोर्टात.

संध्याकाळी फोन लावला. तिकडची सकाळ. इरेनाबाई इंग्रजी असं बोलायच्या, की प्रत्येक शब्द आधी तपासून घेतायत. मी सगळं सांगितलं. Asdf पासून. त्यांनी सगळं लिहून घेतलं.

"त्या गावात कोणी नाही," शेवटी म्हणाल्या. "खाण होती. बंद झाली. सगळे गेले. आता तिथे बस पण जात नाही."

"मग सही कोण करतंय?"

"ते मी तुम्हाला विचारणार होते."

दोन दिवसांनी त्यांनी पोस्टमनला गाठलं. तो म्हणाला, मी गावात जात नाही, शेवटच्या वळणावर एक पत्र्याचा डबा आहे, त्यात टाकतो. पुढच्या आठवड्यात डबा रिकामा असतो. कधीकधी त्यात पाठवायचं पाकीट असतं. कोणी दिसलं का? नाही. कधीच नाही.

"सोमवारी मी स्वतः जाते," इरेनाबाई म्हणाल्या. "तुम्ही फोनवर राहा. गायी तुमच्या आहेत."

सोमवारी त्यांचे सकाळचे आठ म्हणजे आमचे रात्रीचे आठ, पण नोव्हेंबर होता, बाहेर अजून उजेड होता. शेजारी बार्बेक्यू चालला होता, पोरं जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत पळत होती. आमच्या दिवाणखान्यात फोन स्पीकरवर. बाबा सोफ्यावर, हातात शिऱ्याची वाटी.

"धुकं आहे," फोनमधून इरेनाबाईंचा आवाज आला. "ड्रायव्हर गाडीतच बसलाय. म्हणतो पुढे रस्ता खराब आहे. रस्ता चांगला आहे." मग नुसते त्यांच्या बुटांचे आवाज. "घरं आहेत. छपरं पडलेली. शाळा. शाळेत झाड वाढलंय." बूट. "थांबा."

"काय झालं?"

"घंटा वाजतेय."

आम्हालाही ऐकू आली. गळ्यातल्या घंटेचा जाड, ओला आवाज. आणि मग दुरून, धुक्यातून, एका म्हाताऱ्या बाईची हाक. पहिल्या अक्षरावर जोर देऊन, शेवट लांबवत.

"काऽपिला... काऽपिलाऽऽ..."

बाबांनी वाटी खाली ठेवली आणि उभे राहिले. मेघनाने स्वयंपाकघरातला नळ बंद केला. मी फोनकडे बघत राहिलो, जणू तो चावेल.

फोनवर दोघींचं बोलणं सुरू झालं. बराच वेळ. आम्हाला एक शब्द कळत नव्हता, मधूनच फक्त 'हाऽरनी' आणि 'गुऽलब्या' ऐकू यायचं. मग इरेनाबाई परत आल्या. आवाज जरा बदललेला.

खाण बंद पडल्यावर सगळे गेले, पण ही बाई राहिली. जनगणनेवाले आले तेव्हा ती वर कुरणात होती. त्यांनी शून्य लिहिलं आणि गेले. नंतर तिचं पेन्शनचं पत्रही येईना. शून्यातल्या माणसाला कोण पत्र पाठवणार? आणि एक दिवस डब्यात सरकारचं मोठं पाकीट आलं. सिस्टिम सुरू झाल्यावर बिल्ले नसलेल्या सगळ्या जनावरांचे बिल्ले आपोआप छापून पाठवले गेले होते, त्यांत माझ्याही सातांचे. सात पासपोर्ट, चौदा पिवळे बिल्ले. बाईला वाटलं, आली बाई सरकारला आठवण.

"पण सात गायी होत्या तिच्याकडे?" मी विचारलं.

"चार होत्या. मी पण तेच विचारलं. ती म्हणाली, सरकारने सात लिहिल्या होत्या."

"मग?"

"मग तिने दोन आणल्या. डोंगरापलीकडून, चालत. पासपोर्टवरचा रंग आणि खुणा बघून निवडल्या. बैल भाच्याकडून घेतला. पासपोर्टवर नावं होती, म्हणून तीच ठेवली. विचित्र वाटली, पण सरकारी होती."

मी काही बोलायच्या आत बाबा फोनपाशी आले. "नंदू, त्या बाईंना विचार, कपिलेचं डावं शिंग खाली वळलंय का."

"बाबा, अहो, ही गाय वेगळी आहे."

"विचार तर."

विचारलं. बूट वाजले. घंटा अगदी जवळ वाजली.

"हो," इरेनाबाई म्हणाल्या. "डावं. खाली, डोळ्याकडे. हे पासपोर्टवर नाही."

"फॉर्ममध्ये शिंगांचा रकानाच नाही," मी म्हणालो.

"मग तुम्हाला कसं माहीत?"

"माझे वडील विचारतायत."

बाबा म्हणाले, "सांग, धार काढायला उजवीकडून बस म्हणावं. डावीकडून बसलं की शिंग मारते."

मी सांगितलं. इरेनाबाईंनी म्हातारीला सांगितलं. म्हातारी काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते," इरेनाबाई हळूच म्हणाल्या, "तिला माहीत आहे."

बाबा परत सोफ्यावर बसले आणि शिरा संपवला. मी नंतर वाचलं, एक शिंग वाकडं असलेल्या गायी जगात पुष्कळ असतात. मी ते दोन-तीनदा वाचलं.

पण मूळ प्रश्न तसाच होता. सातही नोंदी मी अल्बनीत बसून मनानेच रचलेल्या. आणि सातही आता खऱ्या. इरेनाबाईंनी काय करायचं? नोंदी रद्द केल्या तर म्हातारीच्या गायी बेकायदा, त्यांचं दूध विकता येणार नाही, आणि ती पुन्हा शून्यात. ठेवल्या, आणि ऑडिटरला त्यांचा जन्म कसा झाला ते कळलं, तर सही खोटी.

ग्रॅहॅमने मला बाजूला घेतलं. "गायी आहेत ना? कान मोजले तर बरोबर येतायत ना? स्वीट ॲज, सगळं झकास. गप्प बसू या."

मला तो सल्ला फार आवडला. इरेनाबाईंना कळवला. त्या म्हणाल्या, "माझ्या आधी या खुर्चीत बसलेला माणूसही असंच म्हणाला होता."

त्यांनी एक पानी टिपण लिहिलं. या सात नोंदी पुरवठादाराच्या (म्हणजे आमच्या कंपनीच्या) चुकीने शिरल्या. मी जागेवर जाऊन तपासल्या. जनावरं आहेत, मालकीण आहे. कपिलेला मृत दाखवलं तेही पुरवठादाराने, ते रद्द केलं आहे. खाली स्वतःची सही. माझं नावही त्यात होतं, स्पेलिंगसकट बरोबर. टिपण त्यांनी ऑडिटर यायच्या आधी स्वतःहून पाठवलं.

ऑडिटर आले. कुठल्या गावात गेले असतील? लोकसंख्या शून्य आणि नऊ जनावरं असं दिसल्यावर तुम्ही कुठे गेला असता? धुक्यात वर चढले. अठरा कान मोजले. अठरा बिल्ले. पासपोर्ट पत्र्याच्या पेटीत, जन्माच्या क्रमाने लावलेले. मेलेल्या पोवळीची पावतीसुद्धा. खालच्या खोऱ्यातल्या खऱ्या, भरल्या गावांत मात्र त्यांना बिल्ले नसलेले कान भरपूर मिळाले, आणि ते दुरुस्त करायला मुदत मिळाली.

रिपोर्टमध्ये त्या गावाबद्दल लिहिलं होतं, नोंदी उत्कृष्ट. पुढे एक सूचना होती: पुरवठादाराच्या कर्मचाऱ्याला लाइव्ह रजिस्टरमध्ये लिहिण्याचा अधिकार असू नये. तो कर्मचारी मी. अधिकार त्याच दिवशी गेला. खोऱ्यातली दुरुस्ती झाल्यावर पुढच्या वर्षी चॅप्टर तात्पुरता बंद झाला. इरेनाबाई त्यांच्या खुर्चीत राहिल्या. जनगणनेच्या यादीत त्या गावापुढे आता एक लिहिलेलं आहे, ते त्यांनी मागे लागून करून घेतलं.

मी त्यानंतर आणखी दोन उमेदवार देशांच्या कामावर होतो. अनुभवातून एक नियम केला. खोटी नोंद भरायची असेल तर तिच्या पत्त्यावर आधी एक कोरं पाकीट पाठवायचं. 'असा पत्ता नाही' असा शिक्का घेऊन ते परत आलं, तरच तो पत्ता वापरायचा. ग्रॅहॅम याला माझा वेडेपणा म्हणायचा, पण टपालाचा खर्च मंजूर करायचा.

आतापर्यंत सगळी पाकिटं परत आली आहेत. एक सोडून. तो पत्ता मी वापरला नाही, आणि तिथे कोण आहे याची चौकशीही केली नाही.